पक्क्या घराचा कच्चा हिशेब

आपल्या भाषेत ‘पक्का’ हा शब्द मोठ्या मानाचा आहे. पक्का विचार, पक्का रंग, पक्का सोबती. त्याउलट ‘कच्चा’ म्हणजे अपुरा, बेभरवशाचा, आज ना उद्या टाकून देण्याजोगा. भाषेतील हा मानापमान सरकारी तक्त्यांत उतरला आणि खेड्यांतील घरांची दोन वर्णांत विभागणी झाली. ज्याची भिंत मातीची अथवा न भाजलेल्या विटांची, ते घर कच्चे. ज्याची भिंत भाजक्या विटांची आणि डोक्यावर सिमेंट-काँक्रीटचे छत, ते घर पक्के. कच्चे घर ही दारिद्र्याची खूण आणि पक्के घर ही प्रगतीची, अशी खूणगाठ शासनाने, पुढाऱ्यांनी, सेवाभावी संस्थांनी आणि आम्हा धर्मगुरूंनीही मनाशी बांधून टाकली आहे.

या विभागणीला माझा आक्षेप आहे. गरिबाचे घर भक्कम असावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दुमत आहे ते मोजमापाविषयी. भिंत पावसात टिकते का, दार चोराला अडवते का, छत गळते का, एवढेच प्रश्न आपण घराला विचारतो. मे महिन्याच्या दुपारी त्या घरात बाळंतीण निजू शकते का, अंथरुणाला खिळलेली आजी तेथे श्वास घेऊ शकते का, आणि तो श्वास घेता यावा म्हणून कुटुंबाला दरमहा विजेवर किती खर्च करावा लागतो, हे प्रश्न घरकुलाच्या कोणत्याही अर्जात नसतात. ज्या मुलखात वर्षाचे निदान तीन महिने ऊन हाच घरातील माणसांचा मुख्य शत्रू, तेथे हे प्रश्न वगळून केलेला पक्केपणाचा हिशेब कच्चाच म्हटला पाहिजे.

हा मुद्दा हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. भंडारा शहरातून पूर्वेकडे निघाले की वैनगंगा ओलांडताच कारधा लागते. मुंबईहून कोलकात्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग या बाजूने जातो. पावसाळ्यात वर्तमानपत्रे वैनगंगेची पातळी सांगतात ती बहुधा कारध्याचीच. भोवताली धानाची शेती, नदीकाठची गाळाची माती, दक्षिणेस गोसीखुर्द धरण आणि त्याचा भंडाऱ्याच्या काठापर्यंत वर चढलेला फुगवटा. पाण्याच्या संदर्भात कारध्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मी ते उन्हाच्या संदर्भात घेतो आहे.

कारधा कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस, एकवीस अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात येथे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. याच सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो. विदर्भातील माणूस या नऊ दिवसांना ‘नवतपा’ म्हणतो आणि धास्तीनेच म्हणतो. जवळच्या नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. सूर्य असा माथ्यावर असताना घराच्या चारही भिंतींना मिळून जितके ऊन लागत नाही, तितके एकट्या छपराला लागते. म्हणून भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात घराची परीक्षा आधी छपरापाशी होते आणि मग भिंतीपाशी.

आता गावात आढळणारी तीन प्रकारची घरे शेजारी शेजारी उभी करू. पहिले जुने, मातीच्या जाड भिंतींचे, वर माळा आणि माळ्यावर कवेलू. दुसरे टिनाच्या छपराचे. तिसरे शासनाच्या मदतीने बांधलेले, स्लॅबचे घरकुल. त्यांची तुलना करण्यासाठी अभियंते एक साधे माप वापरतात. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असता एका चौरस मीटर पृष्ठभागातून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, ते हे माप. आकडा जितका लहान, तितके घर निवांत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मातीत काही जादू नाही. आपल्याकडच्या प्रमाण कोष्टकांत मातीच्या विटेची उष्णतावाहकता ०.७५ आणि भाजक्या विटेची ०.८१ दिली आहे, म्हणजे दोघींत फारसे अंतर नाही. सलोह काँक्रीटची मात्र १.५८, मातीच्या दुपटीहून अधिक. मातीच्या घराचे खरे बळ तिच्या जाडीत आहे. दीड फूट जाड मातीच्या भिंतीचा आकडा सव्वाच्या आसपास येतो. नऊ इंची विटेच्या भिंतीचा दोन, आणि अलीकडे काटकसरीपोटी घातल्या जाणाऱ्या साडेचार इंची भिंतीचा जवळपास तीन. शिवाय जाड भिंत उष्णतेला थोपवून धरते. बाहेरच्या दुपारची झळ दीड फूट माती पार करून आत पोहोचेपर्यंत बारा तास उलटून जातात. तोवर बाहेर रात्र झालेली असते, दारे-खिडक्या उघडता येतात आणि ती झळ, बरीचशी विरून, निमूटपणे निघून जाते. आमच्या पूर्वजांना हे गणित मांडता येत नव्हते. त्याचे उत्तर मात्र त्यांना ठाऊक होते.

छपराचेही असेच. कवेलू स्वतः पातळ असते आणि भर दुपारी तेही तापते. परंतु त्याच्या सांध्यांतून गरम हवा वर निसटून जाते, सूर्य कलला की ते लगेच निवते आणि त्याची झळ खाली येण्याआधी माळ्यावरील हवेची पोकळी आणि मातीचा थर आडवा येतो. माळा काढून टाकला, तर कवेलूच्या घराचा निम्मा गुण गेला असे समजावे. टिनाची गोष्ट याहून निराळी. पत्रा उष्णतेला अडवतच नाही. त्याचा आकडा सहाच्या घरात जातो. दुपारी बारा ते चार त्याखाली बसणे ही शिक्षाच असते. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की रात्री तो लवकर थंड होतो.

आणि स्लॅब? साधारण साडेचार इंच जाडीच्या उघड्या काँक्रीटच्या छताचा आकडा साडेतीनच्या आसपास येतो. टिनापेक्षा हा बरा दिसतो, पण त्यात एक वेगळीच मेख आहे. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन ठेवतो आणि तीनएक तासांच्या विलंबाने ते आत सोडू लागतो. म्हणजे दुपारी दोनची झळ संध्याकाळी पाचच्या सुमारास घरात उतरते आणि तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत खालच्या माणसांवर तिची पाखर घालीत राहते. माणसे कामावरून घरी येतात, चूल पेटते, मुले अभ्यासाला बसतात, नेमक्या त्याच वेळी. पंचवीस चौरस मीटरच्या घरकुलाचे गणित करून पाहावे. उन्हात तापलेले छत आणि खोली यांत पंचवीस अंशांचा फरक धरला, तर छतावाटे सुमारे दोन हजार दोनशे वॅट उष्णता आत येते. दोन हजार वॅटची विजेची शेगडी छताला उलटी टांगून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. या शेगडीखाली आपण माणसांना निजवतो आणि त्या घराला ‘पक्के’ असे प्रमाणपत्र देतो.

ही शेगडी कुणाला भाजते, हेही पाहिले पाहिजे. भंडारा आणि गोंदिया हे विडी वळणाऱ्या बायकांचे जिल्हे आहेत. त्या बायकांचे घर हाच त्यांचा कारखाना. सूप मांडीवर घेऊन त्या दिवसभर ज्या जागी बसतात, तिच्यावरचे छत म्हणजे त्यांच्या कारखान्याचे छत होय. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, आजारी माणसे यांनाही घराबाहेर जाण्याची सोय नसते. उन्हाने दिवसा शिणलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला तर ते सावरते, आणि तो न मिळाल्यास दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याला पेलवत नाही. भारतीय हवामान खात्याने ‘उष्ण रात्र’ अशी स्वतंत्र संज्ञा ठरवली आहे. दिवसाचे कमाल तापमान चाळीस अंश वा अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीहून साडेचार अंशांपेक्षा अधिक चढले की ती उष्ण रात्र. खात्याचा पारा मोकळ्या हवेत असतो. उन्हात दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली कुटुंबाची रात्र त्या पाऱ्याहून किती वेगळी असते, ते कोणतेही खाते मोजत नाही.

माणूस अर्थातच हात बांधून बसत नाही. तो पंखा लावतो, मग कूलर आणतो. साधा छताचा पंखा पंचाहत्तर वॅटचा. दिवसातील सोळा तास चालला तर महिन्याला छत्तीस युनिटे. दोनशे वॅटचा कूलर चौदा तास चालला तर चौऱ्याऐंशी युनिटे. दोन्ही मिळून एकशेवीस. अजून दिवे, दूरदर्शन संच, मोटार यांचा हिशेब धरलेलाच नाही. आपल्या राज्यात घरगुती विजेच्या दराची पहिली पायरी शंभर युनिटांची आहे आणि ती ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर दुपटीच्या आसपास जातो. जुन्या घरातील कुटुंबाला एका पंख्यावर उन्हाळा काढता येत होता. तेच कुटुंब नव्या घरात येताच या पायरीपलीकडे ढकलले जाते. घरकुलाची मदत एकदाच मिळते. विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते, आणि ते वाढवून ठेवणारे छत पुढची तीस-चाळीस वर्षे तसेच राहणार असते.

हा खर्च कुटुंबापाशीच थांबत नाही. कारध्याहून नागपूरकडे जाताना मौदा लागते. तेथील राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचा प्रकल्प २,३२० मेगावॅटचा आहे. तो कोळशावर चालतो आणि त्याला लागणारे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून येते. तेथील वीज कारध्याच्याच कूलरला मिळते असे नव्हे, ती देशाच्या जाळ्यात मिसळते. तरीही या साखळीचा विचार करावा. वैनगंगेच्या पात्रातील रेती उपसून स्लॅब घालायचा. तो तापला की वैनगंगेच्याच पाण्यावर चालणाऱ्या केंद्रासारख्या केंद्रांतून वीज घ्यायची, आणि ती जाळून कूलरमध्ये पुन्हा पाणीच ओतायचे. नदी एकच आणि तिच्यावरचे ओझे तिहेरी. शिवाय सिमेंट बनविताना चुनखडी भाजावी लागते आणि तीतून कर्बवायू मोकळा होतो. जगातील एकूण कर्बवायूपैकी सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उद्योगातून बाहेर पडतो, असे मानले जाते. उलट मातीची भिंत परसातील मातीत धानाचे तणस तुडवून उभी राहते आणि पडली तर पुन्हा मातीच होते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप पुराचा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा भंडारा शहराचा सखल भाग आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली आणि मातीच्या घरांची पडझड झाली. ज्याची भिंत डोळ्यांदेखत विरघळली त्याला मातीचे गुण ऐकवणे हा निष्ठुरपणा ठरेल. परंतु पुरावर उपाय आहे तो पायथ्याशी. दगडाचे किंवा भाजक्या विटांचे उंच जोते, पुराची पातळी जेथवर येते तेथवर पक्की चिणाई, आणि त्याच्या वर जाड मातीची भिंत किंवा थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या मातीच्या विटा. अशा विटांवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ पासून काम झाले आहे आणि त्यांची घरे दक्षिणेत उभी आहेत. पुराला जोत्याने उत्तर द्यायचे आणि उन्हाला छपराने. एका शत्रूच्या भयाने दुसऱ्याला घरात घेण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप माकडांचा, आणि तो शहरातील वाचकांना गंमतीचा वाटेल. विदर्भातील गावकऱ्याला तो गंमतीचा वाटत नाही. वानरांची टोळी छपरावरून गेली की शेकडो कवेलू फुटतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छप्पर फेरावे लागते, फेरणारा माणूस मिळत नाही, कवेलू थापणारे कुंभार उरले नाहीत, सागाचे लाकूड परवडत नाही, उधई लागते. हे सारे खरे आहे. ज्या बाईला दरवर्षी हा जाच सोसावा लागला, तिने स्लॅब मागितला तर तिला दोष देणारे आपण कोण? तिने मागितले होते न गळणारे, न फुटणारे छप्पर. आपण तिला ते दिले आणि त्यासोबत शेगडीही दिली. न गळणारे आणि न तापणारे, अशी दोन्ही विशेषणे एकाच छपराला लागू शकतात, हे तिला कोणी सांगितलेच नाही. आक्षेप आहे तो तिच्या निवडीवर नसून, तिच्यापुढे एकच वस्तू ठेवून तिला ‘निवड’ म्हणणाऱ्यांवर आहे.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. मुलाचे लग्न ठरविताना ‘घर स्लॅबचे आहे का’ असे विचारले जाते. या प्रश्नाची टवाळी करणे सोपे आहे. पण ज्याला पिढ्यान्पिढ्या गावाबाहेर, गळक्या छपराखाली राहावे लागले, त्याला सिमेंटच्या छतात आपला मान दिसला तर ते समजून घेतले पाहिजे. मातीचे घर गरिबांसाठी आणि गारव्याची वातानुकूलित चैन आमच्यासाठी, असा अर्थ माझ्या बोलण्यातून निघणार असेल तर मी ते बोलणे मागे घेईन. म्हणूनच मी जुन्या घराकडे परत चला असे म्हणत नाही. जुन्या घराचा गुण नव्या घरात आणा, एवढेच म्हणतो.

आणि हे शक्य आहे, हे सरकारलाच ठाऊक आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत छताचा आकडा १.२ हून अधिक असता कामा नये, असे घालून दिले आहे. उघड्या स्लॅबचा आकडा साडेतीन, हे वर आलेच आहे. म्हणजे शासनाच्या एका खात्याने ठरवलेल्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट तापणारे छत शासनाच्याच दुसऱ्या खात्याच्या मदतीने गावोगावी घातले जात आहे. यात कायद्याचा भंग होतो का? मुळीच नाही. कारण ही संहिता पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. पाचशे चौरस मीटरवाल्याच्या डोक्यावरचे छत किती तापावे याला मर्यादा, आणि पंचवीस चौरस मीटरवाल्याला मर्यादा नाही! वातानुकूलन ज्याला परवडते त्याच्या रक्षणासाठी नियम, आणि ज्याला पंखाही जड जातो त्याच्यासाठी मौन. या उलट्या न्यायाविरुद्ध आपण बोलणार नसू, तर मग कशाविरुद्ध बोलणार?

घरकुलांचा इतिहास जुना आहे. इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घेतली, घराचे किमान क्षेत्र वीस चौरस मीटरवरून पंचवीस झाले आणि सपाट प्रदेशात प्रत्येक घराला १ लाख २० हजार रुपये मिळू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २०२८-२९ पर्यंत आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये आपल्याकडून ५० हजारांची भर घातली, त्यांपैकी १५ हजार सौरऊर्जेच्या संचासाठी. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलासाठी पाच ब्रास रेती मोफत देण्याचे ठरले. या प्रत्येक पावलाचे मी स्वागत करतो. परंतु क्रम कसा आहे पाहा. वीज निर्माण करण्यासाठी पैसे आहेत, काँक्रीट कालवण्यासाठी रेती आहे. वीज लागूच नये म्हणून छत थंड ठेवण्यासाठी मात्र वेगळी एक दमडीही नाही. आधी शेगडी बांधायची आणि मग ती विझवायला सूर्याचीच वीज वापरायची, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. त्यातल्या त्यात एक चांगली गोष्ट अशी की सौर संच स्लॅबपासून हातभर उंच बसवला, तर त्याची सावली छताला मिळते. पण असा विचार करून तो बसवा, हे सांगणारा कुणी हवा.

याच खात्याने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि दिल्लीच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने, ‘पहल’ नावाचा घरांच्या नमुन्यांचा संग्रह तयार केला आहे. त्या त्या प्रदेशातील हवा, माती, बांबू, कारागिरी पाहून केलेले आराखडे त्यात आहेत. म्हणजे ज्ञानाची वाण नाही. आमच्या विदर्भात तर ती कधीच नव्हती. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला गेले. ते शेगाव म्हणजे आजचे सेवाग्राम. तेथील माती, बांबू आणि कवेलूंची बापू कुटी आजही उभी आहे. सहलीला गेलेली माणसे ओसरीवर टेकतात, ‘किती गार वाटते’ म्हणतात आणि गावी परतून गवंड्याला स्लॅबचा दर विचारतात. त्याच वर्ध्यात देवेंद्रकुमार यांच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या पोकळ कौलांचे कमानदार छप्पर तयार केले. त्याला लाकूड लागत नाही आणि लोखंडही लागत नाही. केरळात लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी स्लॅबच्या खालच्या भागात मंगलोरी कौले भरून काँक्रीट वाचवले आणि हजारो सामान्य कुटुंबांना देखणी, निवांत घरे दिली. १९९० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुरस्कार दिला, पण त्यांची रीत मात्र घरकुलाच्या दारात उभी केली नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. ती चार कलमांत मांडतो.

पहिले, १.२ ची मर्यादा घरकुलाच्या छताला लागू करावी आणि ती गाठण्यासाठी लागणारा जादा खर्च शासनाने द्यावा. नव्या छतावर आठ-दहा सेंटिमीटर मातीचा दाबलेला थर देऊन त्यावर विटा बसवल्या, तरी साडेतीनचा आकडा दोनच्या आत येतो. मात्र एवढे वजन पेलण्यासाठी छताची आखणी आधीच तशी झाली पाहिजे. उष्णतारोधक पाट दीड-दोन इंचांचा घातला, तर संहितेची अट सहज पूर्ण होते.

दुसरे, जाड मातीची किंवा दाबलेल्या मातीच्या विटांची भिंत, उंच जोत्यावर उभी केलेली, ‘पक्की’ म्हणून मान्य व्हावी आणि तशा घराचा हप्ता तांत्रिक शेऱ्यापायी अडकू नये.

तिसरे, आज जे लाखो स्लॅब उभे आहेत त्यांना दर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना द्यावा. पांढरे छत ऊन परतवते आणि खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी तरी उतरते. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘थंड छतां’साठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. अहमदाबादेत २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा झाला आणि पुढे गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. कारध्याची ग्रामपंचायत, भंडाऱ्याची जिल्हा परिषद हे करू शकत नाही काय? टिनाच्या छपराखाली बांबूची ताटी बांधून मध्ये वीतभर पोकळी ठेवणे हे तर बुरडाचे दोन दिवसांचे काम आहे.

चौथे, गवंड्यांना आणि कुंभारांना पुन्हा शिकवावे. रोजगार हमीची मजुरी घरकुलाला मिळतेच. तिच्यातून कारागीरही घडवावेत. कौशल्य मेले की मग साहित्य असूनही उपयोग नसतो.

शासनाकडे बोट दाखवताना आपल्याकडेही तीन बोटे वळतात. वसई-उत्तनकडच्या आपल्या जुन्या घरांना पडवी होती, माळा होता, वर मंगलोरी कौले होती. ही कौले आपल्या किनाऱ्यावर आली ती मंगळूरला १८६५ साली बाझल मिशनने काढलेल्या कारखान्यामुळे. आपण ती घरे पाडली, सपाट गच्चीच्या इमारती उभ्या केल्या आणि आता खोलीखोलीत वातानुकूलन यंत्र बसवतो आहोत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात घातक सवयींचे उदाहरण म्हणून वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी छताकडे पाहिले? आमची नवी सभागृहे, शाळांच्या वरच्या मजल्यावरील वर्ग, धर्मगुरूंची निवासस्थाने याला अपवाद नाहीत. बांधकाम समितीच्या बैठकीत फरशीच्या रंगावर तास जातो. छत किती तापेल, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवरही नसतो. यापुढे तो पहिला असावा. आणि आपल्या संस्था जेव्हा एखाद्या गरजू कुटुंबाला घर बांधून देतात, तेव्हा किल्ली हाती देण्यापूर्वी देणगीदारांनी मे महिन्याची एक दुपार त्या घरात, पंखा बंद ठेवून, बसून काढावी. त्याहून चांगला तपासनीस नाही.

घराचा अर्थ आसरा असा आहे. पावसापासून आसरा हवा तसा उन्हापासूनही हवा, आणि विदर्भात तर आधी उन्हापासून हवा. २०२८-२९ पर्यंत देशात दोन कोटी घरे उभी राहायची आहेत. आज त्यांचे आराखडे बदलता येतील. एकदा स्लॅब पडला की ते छत एका अख्ख्या पिढीच्या उशापायथ्याशी राहणार आहे. तेव्हा ‘पक्के’ या शब्दाची व्याख्या आताच दुरुस्त करून घेतली पाहिजे. ज्या घरात नवतप्याच्या दुपारी म्हातारे माणूस वीज नसतानाही सुखाने डोळा लावू शकते, ते घर पक्के. बाकीच्या घरांना शासनाने हवे ते नाव द्यावे, हे नाव देऊ नये.